न्हाणीघरातली तिसरी तार

आपल्या मुकुटबनच्या जुन्या घरांत न्हाणीला विजेची गरजच नव्हती. पाणी चुलीवर नाहीतर बंबात तापायचं. भीती चटक्याची होती, शॉकची नाही. मग रॉड आला, गिझर आला. ओली फरशी, धातूचा नळ आणि २३० व्होल्ट एकाच चिमुकल्या खोलीत नांदू लागले.

कायदा तोवर झोपला नव्हता. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत नियम ६१ अर्थिंगचाच होता. राज्य विद्युत मंडळ १९६० सालचं, अर्थिंगचं मानक आयएस ३०४३ हे १९६६ चं. पुढं नियम ६१-अ आला: वीज जमिनीत गळू लागली की पुरवठा तोडणारं यंत्र बसवा. पण ५ किलोवॅटखालच्या घरगुती जोडणीला त्यातून सूट! आता सांगा, आपल्याकडं ५ किलोवॅटची घरं किती? ज्या घरात रॉडनं पाणी तापतं, नेमकं तेच घर बाहेर राहिलं. ते नियम २०१० पर्यंत चालले, आणि 'आपल्याला काय गरज' ही सवय मागं ठेवून गेले.

लोक म्हणतात, एमसीबी आहे ना! हिशोबच करू. मीठ-कोळशाच्या अर्थिंग खड्ड्याचा रोध २० ओहम धरा. उन्हाळ्यात माती सुकली की तो वाढतोच. गिझरच्या पत्र्याला फेज लागला, तर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्यानं पडत नाही. माणसाचा जीव जायला मात्र एका अँपिअरचा विसावा भागही पुरतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असला तर तो क्षणात पुरवठा तोडतो.

दुसरी गोष्ट बाँडिंगची. गिझर, धातूचे पाइप, नळ हे सगळं एका तारेनं जोडून अर्थला दिलं, की एक हात नळावर आणि एक गिझरवर असला तरी दोन्हींत व्होल्टचा फरक राहत नाही. जमिनीतून येणारे जुने जीआय पाइप यातलं थोडं काम आपोआप करायचे. मधे प्लास्टिकचा पाइप आला आणि ते थांबलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: घरकुलाच्या फिटिंगमध्ये अर्थिंग मोजून घ्या आणि आरसीसीबी धरा, हा विषय येत्या ग्रामसभेत मांडू. घरी परवानाधारक वायरमनकडूनच काम करून घ्या, आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. टाइल्स थोड्या स्वस्तातल्या घेतल्या तरी चालतील, तिसरी तार सोडू नका.