वॉरिंग्टन पिता-पुत्र आणि घरगुती मत्स्यालयातील जलशुद्धीकरण : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

घरगुती मत्स्यालयाच्या इतिहासात माशांच्या जाती, काचेची उपलब्धता आणि मध्यमवर्गाची हौस यांची चर्चा विपुल आढळते. पाण्याची चर्चा मात्र तुलनेने कमी होते. वास्तविक मोजक्या आणि साचलेल्या पाण्यात मासा जगविणे हा मूलतः पाण्याचाच प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील एकाच कुटुंबातील दोन पिढ्यांनी या प्रश्नाची उकल करण्यास हातभार लावला. पित्याचे उत्तर पाच-सहा वर्षांत घरोघरी पोहोचले. पुत्राने ज्या विषयावर आयुष्याचा मोठा काळ वेचला, तो मत्स्यपालनाच्या शास्त्रात रुजण्यास मात्र जवळजवळ शतक जावे लागले. या विलंबाची कारणे शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पित्याची टाकी

रॉबर्ट वॉरिंग्टन (१८०७–१८६७) हे लंडनच्या ॲपोथिकरीज हॉलमधील रसायनशास्त्रज्ञ. १८४१ मध्ये स्थापन झालेल्या केमिकल सोसायटीच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. १८४९ मध्ये त्यांनी १२ गॅलनच्या एका काचपात्रात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीने प्राणवायू सोडावा आणि माशांनी सोडलेला कर्बवायू तिने घ्यावा, ही त्यामागील कल्पना होती. प्रयोग आरंभी फसू लागला. कुजणाऱ्या पानांनी पाणी गढूळ झाले आणि काचेवर हिरवट बुळबुळीत थर साचला. तेव्हा वॉरिंग्टन यांनी तळ्यातील पाच-सहा गोगलगाई पात्रात सोडल्या. त्यांनी कुजकट भाग खाऊन टाकला, पाणी निवळले आणि गोगलगाईंची अंडी माशांना खाद्य म्हणून मिळू लागली. १८५० मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात या निरीक्षणांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला.

त्यापूर्वीही असे प्रयत्न झाले होते. ॲना थिन यांनी १८४६ मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरील प्रवाळ लंडनला आणून जगविले. पण त्यासाठी त्यांच्या घरातील मोलकरणीला उघड्या खिडकीपाशी उभे राहून समुद्राचे पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहावे लागे. मत्स्यालयाच्या इतिहासातील हा पहिला ‘एअर पंप’ म्हणावयास हरकत नाही. त्या मोलकरणीच्या श्रमांची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. वॉरिंग्टन यांच्या पद्धतीत हे कष्ट नव्हते. इंग्लंडमधील काचेवरील कर १८४५ मध्ये रद्द झाला होता. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये सार्वजनिक मत्स्यगृह उघडले आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचा ‘द ॲक्वेरियम’ हा ग्रंथ आला. ‘समतोल मत्स्यालय’ ही कल्पना अशा रीतीने सर्वमान्य झाली.

या कल्पनेत एक उणीव होती. मासा कर्बवायूबरोबरच अमोनियाही बाहेर टाकतो. तोही मुख्यतः कल्ल्यांवाटे. अमोनिया पाण्यात विरघळतो, डोळ्यांना दिसत नाही आणि अल्प प्रमाणातही माशाला घातक ठरतो. वनस्पती तो काही अंशी शोषून घेतात, म्हणूनच मोजके मासे आणि भरपूर वनस्पती असलेल्या टाक्या टिकल्या. त्याचे श्रेय मात्र सर्वस्वी प्राणवायूला दिले गेले. मासे मेले की प्राणवायू कमी पडला, असे निदान होई. उत्तर अर्धे बरोबर असल्यामुळेच ते इतके टिकले असावे.

पुत्राची माती

त्याच रसायनशास्त्रज्ञाचा त्याच नावाचा पुत्र रॉबर्ट वॉरिंग्टन (१८३८–१९०७) याचे रसायनशास्त्राचे प्राथमिक शिक्षण पित्याच्याच प्रयोगशाळेत झाले. गोल्डफिशचा प्रयोग सुरू झाला तेव्हा तो अकरा वर्षांच्या आसपासचा होता. पुढे तो शेतीच्या रसायनशास्त्राकडे वळला आणि रोथमस्टेड येथील प्रयोगक्षेत्रावर दाखल झाला.

१८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला होता. भाजलेली वाळू आणि थोडी चुनखडी भरलेल्या नळीतून ते सांडपाणी सावकाश झिरपू देत होते. पहिले २० दिवस त्यातील अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत राहिला. त्यानंतर त्याच्या जागी नायट्रेट दिसू लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली. पुढे थोडी माती मिसळलेले पाणी घालताच ती पुन्हा सुरू झाली. रासायनिक क्रियेला २० दिवस थांबण्याचे कारण नव्हते. वाढण्यास वेळ लागतो तो सजीवांना. वॉरिंग्टन यांनी रोथमस्टेड येथे या निष्कर्षाची खातरजमा केली आणि अमोनियापासून नायट्राइट व नायट्राइटपासून नायट्रेट ही दोन वेगळ्या जिवाणूंची कामे असल्याचे दाखवून दिले. हे जिवाणू वेगळे करण्यात मात्र त्यांना यश आले नाही. ते श्रेय १८९० च्या सुमारास झुरिक येथे काम करणाऱ्या विनोग्राडस्की यांच्याकडे गेले.

सांडपाण्याच्या अभियंत्यांनी जिवाणूंची ही कामगिरी लवकर उपयोगात आणली. १९१४ मध्ये मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट यांनी मांडलेली सक्रिय गाळाची पद्धत हा त्याचा पुढचा टप्पा. मत्स्यालयाचा हौशी मात्र पाणवनस्पतींवरच विसंबून राहिला. मातीचे शास्त्र शेतीकडे, सांडपाण्याचे नगरपालिकेकडे आणि माशांचे निसर्गप्रेमींकडे अशी विभागणी झाल्यावर एका घरातील ज्ञानही दुसऱ्या दालनात पोहोचले नाही. डब्ल्यू. ए. लॉइड यांनी १८७१ मध्ये क्रिस्टल पॅलेस येथे प्रदर्शनातील टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा भूमिगत हौद बांधून वाफेच्या यंत्राने पाणी सतत फिरते ठेवले होते. आजच्या ज्ञानाच्या आधारे पाहता त्या अंधाऱ्या हौदात जिवाणूंना भरपूर पृष्ठभाग मिळत असला पाहिजे. पण घरच्या टाकीसाठी ही रचना प्रचारात आली नाही.

घरच्या टाकीत तळाच्या खड्यांतून पाणी खेचणारा फिल्टर १९५० च्या दशकात प्रचारात आला. त्याच दशकाच्या आरंभी, १९५१ मध्ये, मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. बंदिस्त पाण्यातील जिवाणूंचे शास्त्र मत्स्यपालकांसाठी सुसंगतपणे मांडणारा स्टीफन स्पॉट यांचा ग्रंथ १९७० मध्ये आला. त्यानंतरही दुरुस्त्या होत राहिल्या. गोड्या पाण्याच्या टाकीत नायट्राइटचे काम प्रामुख्याने नायट्रोबॅक्टर नव्हे, तर नायट्रोस्पिरा करतात, हे १९९८ मध्ये दिसून आले. अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंतचा संपूर्ण प्रवास एकटाच करणारा नायट्रोस्पिरा जिवाणू २०१५ मध्ये सापडला.

निवड आणि मांडणी

या इतिहासाच्या प्रकाशात पाहिले असता फिल्टर निवडणे म्हणजे जिवाणूंसाठी जागा निवडणे होय. स्पंज, सिरॅमिकचे तुकडे वा खडे यांपैकी काहीही चालते; सच्छिद्र पृष्ठभाग आणि त्यावरून अखंड वाहणारे, प्राणवायूयुक्त पाणी हे महत्त्वाचे. कोळशाची पुडी रंग व वास काढते, अमोनिया नव्हे. पाणी नितळ दिसणे म्हणजे ते निर्धोक असणे नव्हे. घरच्या आरओ यंत्राचे पाणीही या कामी जसेच्या तसे योग्य नाही, कारण त्यातील क्षार जवळजवळ निघून गेलेले असतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांना आणि जिवाणूंनाही मारक असल्याने ते आधी काढावे लागते. याच कारणास्तव फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलका पिळावा. अंती साचणारे नायट्रेट ठरावीक काळाने थोडे पाणी बदलून कमी करता येते.

नव्या टाकीत जिवाणूंची पुरेशी वाढ होण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. दुकानांतून मात्र टाकी, फिल्टर आणि मासे पुष्कळदा एकाच दिवशी घरी येतात. पहिल्या पंधरवड्यात मासे दगावतात आणि दोष माशांच्या जातीला किंवा नशिबाला दिला जातो. श्लोझिंग व म्युंट्झ यांच्या नळीतील पहिले २० दिवस ते हेच. अनुभवी मत्स्यपालक निरोगी, जुन्या टाकीतील स्पंजाचा तुकडा नव्या फिल्टरमध्ये ठेवून हा काळ कमी करतात. त्या दोघा संशोधकांनी बंद पडलेली नळी मातीच्या पाण्याने चालू केली होती. त्याचेच हे घरगुती रूप आहे.