साठ दिवस कुणाचे?

दत्तक विधानाचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येते, आणि ते मांडणारी माणसे कळवळ्यानेच बोलत असतात. देशात तीस हजारांहून अधिक इच्छुक पालक ‘कारा’ या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे नाव नोंदवून तीन-तीन वर्षे वाट पाहत आहेत. इकडे एखादी आई मूल वाढवू शकत नाही म्हणून ते द्यायला तयार आहे. मग मध्ये बाल कल्याण समिती, समुपदेशन आणि दोन महिन्यांचा थांबा कशासाठी? आईने सही केली, विषय संपला. बाळ जितक्या लवकर नव्या घरी जाईल तितके सगळ्यांचेच बरे.

हा पूर्वपक्ष दुबळा नाही. जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालापासून बालमानसशास्त्र एक गोष्ट सांगत आले आहे: तान्ह्या मुलाला एका ठरावीक माणसाची सोबत लागते. थांब्याच्या काळात बाळ ज्या संस्थेत राहते, तिथे सांभाळणाऱ्या बाया पाळीप्रमाणे बदलतात. तिथले दोन महिने बाळाला फुकट मिळत नाहीत. त्यात सरकारी कामकाजाचा आपला अनुभव असा की ‘प्रक्रिया’ म्हटले की दिरंगाईच डोळ्यांपुढे येते. हे सारे मान्य करूनही मी म्हणतो की निष्कर्ष चुकला आहे, आणि त्याची किंमत अशी आई मोजते जिची बाजू या चर्चेत कुणीच मांडत नाही.

आधी कायदा काय सांगतो ते पाहू. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ३५ नुसार शारीरिक, भावनिक किंवा सामाजिक कारणांनी, म्हणजे आपल्या हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे, मूल सांभाळू न शकणारे पालक ते बाल कल्याण समितीपुढे आणू शकतात. चौकशी आणि समुपदेशन झाल्यावर समितीसमोरच समर्पणपत्रावर सही होते. मूल विवाहित जोडप्याचे असेल तर दोघांची सही लागते. अविवाहित आईचे असेल तर तिची एकटीची पुरते. त्यानंतर फेरविचाराला दोन महिने मिळतात. त्या मुदतीत आईने मूल परत मागितले तर समिती ते तिला देऊ शकते. मुदत संपली की समर्पण कायमचे होते आणि मूल दत्तकासाठी मुक्त घोषित करता येते.

आता रांगेचा हिशोब. इच्छुक पालक तीस हजारांवर आणि देशात वर्षाला होणारी दत्तके चार हजारांच्या आसपास. रांग लांब आहे ती मुक्त घोषित झालेली मुले थोडी आहेत म्हणून. उद्या प्रत्येक समर्पित बाळ साठ दिवस आधी मोकळे झाले तरी बाळांची संख्या एकानेही वाढणार नाही. रांग एकदाच दोन महिन्यांनी पुढे सरकेल आणि तेवढीच लांब राहील. खरी कोंडी दुसरीकडे आहे. आईवडील वर्षानुवर्षे फिरकलेले नाहीत, तरी मुक्त घोषित करण्याचा प्रस्ताव कुणी केला नाही म्हणून जी मुले बालगृहांत वाढतात, त्यांच्या कागदांवर बोट ठेवायला हवे. दिरंगाईविरुद्धचा राग तिथे खर्च व्हावा. बाळंतपणातून अजून उठलीही नाही अशा बाईवर तो काढण्यात काही पुरुषार्थ नाही.

शिवाय ही मुदत कुणा बाबूच्या डोक्यातून निघालेली नाही. लक्ष्मीकांत पांडे विरुद्ध भारत सरकार या १९८४ च्या निकालात न्यायमूर्ती भगवती यांनी बजावले होते की जन्माआधी किंवा जन्मानंतरच्या तीन महिन्यांत जन्मदात्यांना मूल देण्याचा निर्णय घ्यायला लावू नये, किंबहुना घेऊच देऊ नये. प्रकरण परदेशी दत्तकांचे होते, पण त्यामागचा विचार सर्वत्र लागू होतो: मूल प्रत्यक्ष हातात आल्यावर विचार करायला आईला वेळ हवा. इंग्लंडच्या २००२ च्या कायद्यात जन्मानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत आईने दिलेली संमती ग्राह्यच नाही. भारताने २००३ मध्ये मान्य केलेला १९९३ चा हेग करारही आईची संमती जन्मानंतरचीच हवी, असे सांगतो.

यावर कुणी फेब्रुवारी २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश पुढे करील. एका अविवाहित विद्यार्थिनीची गर्भावस्था फार पुढे गेली होती. न्यायालयाने प्रसूती ‘एम्स’मध्ये करवून बाळ नोंदणीकृत दांपत्याला देण्याची व्यवस्था जन्माआधीच लावली. पण तो आदेश घटनेच्या अनुच्छेद १४२ खालचा, एका मुलीच्या अडचणीपुरता. अपवादातून नियम काढणे न्यायशास्त्राला मान्य नाही.

घाईचे फळ काय असते ते पाहायला ऑस्ट्रेलियाकडे वळावे लागते. तिथे विसाव्या शतकाच्या मध्यावर कित्येक दशके अविवाहित मातांची बाळे दत्तक देण्यात आली. युक्तिवाद आजचाच होता: आई तरुण आहे, एकटी आहे, बाळाला चांगले घर मिळेल, ती विसरून जाईल. अनेकींना बाळ पाहूही दिले नाही. त्या विसरल्या नाहीत. २१ मार्च २०१३ रोजी पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी संसद भवनात या मातांची आणि त्यांच्या मुलांची देशाच्या वतीने माफी मागितली. कागदावर बहुतेकींच्या सह्या होत्या, आणि तरीही माफी मागावी लागली. सही आणि संमती यांतले अंतर एका राष्ट्राला एवढ्या उशिरा कळले.

म्हणून साठ दिवस हवेत. पण माझी तक्रार वेगळीच आहे, आणि ती मुदतीच्या समर्थकांविरुद्धही आहे. हे साठ दिवस आपण रिकामे ठेवले आहेत. घरच्यांनी दार लावून घेतलेली मुलगी हे दोन महिने राहते कुठे? तिचा पान्हा थांबलेला नसतो, टाके भरलेले नसतात, आणि पुन्हा कामावर घेतील की नाही याची खात्री नसते. अशा अवस्थेत ‘विचार कर’ असे सांगणे म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्यावर व्याख्यान देणे. साधने अगदीच नाहीत असेही नाही. संकटातील स्त्रियांसाठी ‘शक्ती सदन’ आहे, ‘सखी’ केंद्रे आहेत, १८१ आणि १०९८ हे मदत क्रमांक आहेत. मूल ठेवू पाहणाऱ्या आईला ‘मिशन वात्सल्य’खाली मुलामागे महिना ४,००० रुपयांचे प्रायोजकत्व मिळू शकते, महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेची रक्कम २,२५० रुपये आहे. जन्मदाखला आणि पालकत्व यांसाठी बापाचे नाव सांगण्याची सक्ती अविवाहित आईवर करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच ठरवून दिले आहे. प्रश्न एवढाच की प्रसूती कक्षात पडलेल्या त्या मुलीला हे सारे कुणी सांगते का, आणि अर्ज भरायला तिच्याबरोबर कुणी जाते का. पैशाअभावी मूल देणारी आई आणि मनापासून देणारी आई यांत फरक करायचा असेल तर तिच्यापुढे आधी पैशाची सोय ठेवावी लागेल. एरवी तिचे उत्तर हे तिच्या गरिबीचे उत्तर असते.

दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत. त्यांना समुपदेशन म्हणजे आईला लाज वाटायला लावून मूल तिच्या पदरात परत घालणे वाटते. ‘पोटचा गोळा कसा गं टाकवतो तुला?’ हा प्रश्न समुपदेशनाच्या खोलीत विचारला जात असेल, तर तिथे समुपदेशन चाललेले नाही. मूल घरीच राहू शकते का, हे तपासावे असे नियम सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण तपासून झाल्यावरही जिचे उत्तर ‘नाही’ असेल, तिच्या ‘नाही’लाही तेवढाच मान हवा. बलात्कारातून राहिलेला गर्भ, जिवाला धोका असलेले घर, आधीच अर्धपोटी असलेली तीन मुले: बाळाला दुसरे घर मिळावे असे ठरवणे ही अशा वेळी आईने पार पाडलेली जबाबदारीच असते.

महाराष्ट्राला हा विचार नवा वाटू नये. १८६३ साली पुण्यात महात्मा फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह आपल्या घरातच काढले आणि तशी जाहीर पत्रके लावली. त्यांचा आशय साधा होता: गुपचूप येऊन सुखरूप बाळंत व्हा; मूल बरोबर न्यायचे की इथे ठेवायचे ते तुमच्या खुशीवर. त्या मजकुरात उपदेशही नाही आणि घाईही नाही. बाळंतपणाची सोय, गुप्तता आणि निर्णयाचे स्वातंत्र्य या तिन्ही गोष्टी एका पत्रकात होत्या. सावित्रीबाईंनी तिथे येणाऱ्या बायकांची बाळंतपणे केली, आणि तिथेच जन्मलेल्या यशवंतला या दांपत्याने पुढे दत्तक घेतले.

गुप्ततेचा मुद्दा आजही तितकाच ज्वलंत आहे. कचराकुंडीत अर्भक सापडले की बातमीत ‘निर्दयी माता’ येते आणि शोध सुरू होतो. तो मथळा वाचणारी दुसरी घाबरलेली मुलगी त्यातून एकच धडा घेते: सापडलीस तर पोलीस. प्रत्यक्षात बाल न्याय कायद्याच्या कलम ३८ मध्येच लिहिले आहे की टाकलेल्या वा समर्पित मुलाच्या चौकशीत जन्मदात्यांवर गुन्हा नोंदवायचा नाही. मूल समर्पित करणाऱ्या आईची ओळख उघड करायची नाही, हाही नियमच. ही दोन वाक्ये प्रत्येक प्रसूतिगृहाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लागली, तर काही बाळे नक्की वाचतील. याच अज्ञानाचा फायदा दलाल घेतात. ‘समितीच्या भानगडीत कशाला पडतेस, मी परस्पर देतो’ म्हणणारा माणूस मुलाचा सौदा करत असतो. कलम ८१ प्रमाणे त्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखाचा दंड आहे. घाई हवी असणाऱ्या सज्जनांचे बोलणे आणि या दलालाचे बोलणे ऐकायला फार वेगळे नसते, याचे मला भय वाटते.

शेवटी बाळाच्या बाजूने. घाईचे समर्थक त्याच्याच नावाने बोलतात, म्हणून हे सांगायला हवे. अठरा वर्षांचे झाल्यावर दत्तक मूल आपल्या मुळांचा शोध घेऊ शकते. जन्मदात्यांनी भेट नाकारली तरी ते कोणत्या कारणांनी आणि कोणत्या परिस्थितीत दिले गेले, हे त्याला कळवावे, अशी दत्तक नियमावलीत तरतूद आहे. ती कारणे समर्पणाच्या वेळच्या याच समुपदेशनात लिहिली जातात. तिथे आईशी कुणी धड बोललेलेच नसेल, तर त्या मुलाच्या हाती छापील नमुन्यातली ‘सामाजिक कारणे’ एवढेच दोन शब्द येतील.