दारिद्र्याचे उत्तरदायित्व कोणाचे?

जागतिक विषमता अहवालानुसार २०२१ साली जगातील सर्वांत धनवान १० टक्के लोकांकडे एकूण संपत्तीपैकी ७६ टक्के संपत्ती होती; खालच्या निम्म्या लोकसंख्येकडे अवघी २ टक्के. या स्थितीचे उत्तरदायित्व कोणाचे, हा प्रश्न आधुनिक काळानेच प्रथम उपस्थित केला, असे मानले जाते. पालि तिपिटकाच्या अभ्यासकाला हे मान्य करता येणार नाही.

दीघनिकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात एक राजा प्रजेचे रक्षण करतो; परंतु निर्धनांना धन देत नाही. परिणामी दारिद्र्य वाढते आणि दारिद्र्यातून चोरी उद्भवते. उपजीविकेचे साधन नाही, असे सांगणाऱ्या चोराला राजा धन देतो. ही वार्ता पसरताच चोऱ्या वाढतात. मग राजा शिरच्छेद आरंभितो. तेव्हा लोकही शस्त्रे घडवितात, गावे लुटतात, हत्या करतात. उशिरा दिलेले दान आणि कठोर दंड दोन्ही निष्फळ ठरतात, कारण मूळ कारण तसेच राहते.

उपाय कूटदन्त सुत्तात आढळतो. तेथे राजा महाविजिताला त्याचा पुरोहित सांगतो : शेती व पशुपालन करणाऱ्यांना बी-बियाणे व चारा, व्यापाऱ्यांना भांडवल आणि राजसेवकांना अन्न व वेतन द्यावे. ही भिक्षा नव्हे. उत्पादनाच्या साधनांची तरतूद होय.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. मज्झिमनिकायातील चूळकम्मविभंग सुत्त दारिद्र्याचा संबंध पूर्वजन्मी दान न करण्याशी जोडते. मग दरिद्री मनुष्यच आपल्या स्थितीला उत्तरदायी ठरत नाही काय? आमच्या मते तो उपदेश व्यक्तीला उद्देशून आहे. राजधर्माची चर्चा करणारी वरील दोन सुत्ते दारिद्र्याचे खापर दरिद्र्याच्या पूर्वकर्मावर फोडत नाहीत. पूर्वकर्माच्या सिद्धान्तामुळे राज्य व समाज यांना दीनदुबळ्यांच्या जबाबदारीतून सुटका मिळते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात दाखवून दिले आहे.

जॉन रॉल्स यांनी १९७१ साली असे प्रतिपादन केले, की आर्थिक विषमता सर्वांत वंचित घटकांच्या अधिकाधिक हिताची असेल तरच ती न्याय्य ठरते. चार्ल्स बाइट्झ यांनी १९७९ साली हे तत्त्व जगाला लावण्याचा आग्रह धरला. १९९९ साली रॉल्स यांनी मात्र ते राष्ट्राराष्ट्रांतील संबंधांना लावण्यास नकार दिला आणि दुर्बल समाजांना साहाय्य करण्याचे कर्तव्य तेवढे मान्य केले.

आमची सुत्ते संपत्तीला कमाल मर्यादा घालीत नाहीत; रॉल्स यांचे गणितही मांडीत नाहीत. मात्र ज्याच्या हाती सत्ता आणि कोश, त्याच्यावर निर्धनांच्या उपजीविकेचे उत्तरदायित्व, हे ती निःसंदिग्धपणे सांगतात. आज जगाला एक राजा नाही. सत्ता व कोश अनेक राष्ट्रांत आणि संस्थांत विभागलेले आहेत. म्हणून उत्तरदायित्व विभागले जाते, नाहीसे होत नाही. विहारांतून दानपारमितेचे विवेचन होते, तेव्हा ही दोन सुत्तेही वाचली जावीत, असे आम्हांस वाटते.