मागच्या रांगेतलं वाद्य

मला सूरताल फारसा कळत नाही. पण कुणाला उभं राहून बोलू दिलं आणि कुणाला गप्प बसवलं, ते बरोबर कळतं. म्हणून टेनर सॅक्सोफोनचा हा इतिहास.

वाद्य पितळी, पण तोंडाशी सनईसारखी थरथरणारी पत्ती. अ‍ॅडॉल्फ साक्स या बेल्जियन कारागिरानं १८४६ साली पॅरिसला त्याचं पेटंट घेतलं. आधी ते लष्करी बँडात गेलं. पुढं अमेरिकेत नाटकमंडळ्यांत लोकांना हसवायचं खेळणं झालं. जॅझमध्ये एकट्यानं वाजवायचा मान कॉर्नेट-ट्रंपेटचा, क्लॅरिनेटचा. टेनरनं मागं बसून भर घालायची.

न्यूयॉर्कात फ्लेचर हेंडरसनचा बँड होता. हा माणूस रसायनशास्त्राचा पदवीधर. काळा म्हणून त्या कामात दार बंद, तेव्हा संगीतात आला. रोझलँड नाचघरात वाजवणारे काळे, नाचणारे फक्त गोरे. त्याच बँडात कोलमन हॉकिन्स होता. आधी तोही जिभेचे फटकारे मारत तुटक वाजवायचा. १९२४ साली लुई आर्मस्ट्राँग बँडात आला. त्याचं ऐकून हॉकिन्स बदलला. सूर भरदार झाला, सलग झाला. ११ ऑक्टोबर १९३९ ला त्यानं 'बॉडी अँड सोल' ध्वनिमुद्रित केलं. सुरुवातीला मूळ चाल जराशी दाखवली, नि पुढं सगळं स्वतःचं. तीन मिनिटांची तबकडी, पण तिनं टेनरला पुढच्या रांगेत आणलं.

पण खरी गोष्ट मधल्या काळातली आहे. १९३४ साली हॉकिन्स युरोपला गेला. त्याच्या जागी लेस्टर यंग आला. त्याचा सूर हलका, ठेक्यामागं रेंगाळणारा. बँडवाले म्हणाले, हॉकिन्ससारखं वाजव. हेंडरसनच्या बायकोनं त्याला हॉकिन्सच्या तबकड्या ऐकवल्या. गडी बधला नाही. काही महिन्यांत बँड सोडला. १९३६ साली काउंट बेसीच्या साथीदारांबरोबर त्याच्या पहिल्या तबकड्या निघाल्या, आणि टेनरला दुसरी वाट फुटली. जॉन कोल्ट्रेनसारखे पुढचे लोक दोन्ही वाटांवरून शिकले.

यात आपल्यासाठी काय? त्याला अडवणारे गोरे नव्हते, त्याचेच भाऊबंद होते. आपल्या सभेतही नवा पोरगा उभा राहिला की आपणच म्हणतो, अमक्यासारखं बोल. हॉकिन्स मोठाच. पण त्याची नक्कल केली असती तर लेस्टर यंग उरला नसता. पोराला बोलू द्या. त्याच्याच आवाजात.