प्रतिसरकार ते राज्यसरकार : भूमिगतांची सत्ता आणि ग्रामजीवन

सातारा जिल्ह्यात १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने गावोगावी न्यायदान मंडळे नेमली, सावकारीस आळा घातला आणि अल्पखर्चाचे गांधी-विवाह लावले. तळपायांवर मारण्याची कठोर शिक्षाही त्यात होती.

बेचाळीसचे भूमिगत पुढे सत्ताधारी झाले. यशवंतराव चव्हाण १९६० मध्ये महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. १९४३ मध्ये सांगलीचा तुरुंग फोडणारे वसंतदादा पाटील १९७७ मध्ये त्याच पदावर आले. नाना पाटील मात्र १९५७ मध्ये विरोधी पक्षाकडून लोकसभेत गेले.

१९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, सहकारी साखर कारखाने वाढले. तंटा मात्र पुन्हा तालुक्याच्या न्यायालयात गेला. शिक्षेची दहशत संपली, हे इष्टच. परंतु न्यायदानातील ग्रामस्थांचा सहभागही त्याबरोबर ओसरला. सारांश, नव्या सत्तेत ग्रामस्थ मतदार व सभासद झाला, न्यायकर्ता राहिला नाही.