पत्ता आणि वाट

काही वर्षांपूर्वी एका जुन्या संस्थेला मी ई-मेलने पाठवलेले पत्र दुसऱ्याच मिनिटाला परत आले. फोन केल्यावर उलगडा झाला. संस्थेचे डोमेन नाव ज्यांनी नोंदवले होते ते गृहस्थ निवृत्त झाले होते आणि नूतनीकरणाचे कोणाच्या लक्षातच राहिले नव्हते. इमारत जागेवर होती, माणसे होती, पत्ता तेवढा नाहीसा झाला होता. नाव नोंदवणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला. त्याचा शोध घेताना मी १९८०च्या दशकात जाऊन पोहोचलो.

पोस्टकार्डावर आपण नाव, मु. पो., तालुका, जिल्हा असा पत्ता लिहितो. पत्र कोणत्या फाट्यावरून जाईल याची चिंता टपालखात्याची. त्या काळी अमेरिकेत यूयूसीपी नावाच्या जाळ्यावरील युनिक्स संगणकांना ही सोय नव्हती. हे संगणक एकमेकांना फोन लावत, बरेचदा रात्रीच्या स्वस्त दरात, आणि पत्रे पुढच्याकडे सोपवत. म्हणून पाठवणाऱ्याला सारी वाटच लिहावी लागे. वाटेतल्या प्रत्येक संगणकाचे नाव, मध्ये उद्गारचिन्ह आणि शेवटी माणसाचे नाव. इलिनॉयमधील बेल लॅब्जच्या 'आयएचएनपी४' या संगणकावरून अशा असंख्य वाटा जात. वाटेतला एक संगणक बंद पडला की पत्र अडकले. शिवाय माझ्या संगणकापासूनची वाट तुमच्या उपयोगाची नसे. पीटर हनीमन आणि स्टीव्हन बेलोविन यांचा 'पाथएलियस' हा प्रोग्राम स्वयंसेवकांनी जमवलेल्या नकाशांवरून त्यातल्या त्यात स्वस्त वाट काढून देई, पण पत्ता शेवटी वाटच राहिला.

अर्पानेटवर अडचण वेगळी होती. तिथे सर्व संगणकांची नावे एकाच यादीत असत. ही यादी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एसआरआय संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सांभाळत असे आणि इतर संगणक तिची प्रत उतरवून घेत. जाळे वाढले तशी ही पद्धत अपुरी पडू लागली. १९८३मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन पद्धतीचा आराखडा मांडला. जिल्ह्याने तालुक्याची आणि तालुक्याने गावाची नोंद ठेवावी, तशी ही रचना होती. एका यादीचे काम अनेकांत वाटले गेले.

काम वाटले की जबाबदारीही वाटावी लागते. ऑक्टोबर १९८४मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉयस रेनॉल्ड्स यांनी 'आरएफसी ९२०' या दस्तऐवजात नोंदणीच्या अटी दिल्या. डोमेनसाठी उत्तरदायी व्यक्ती असावी आणि नावांची चौकशी करणाऱ्यांना उत्तर देणारी भरवशाची सेवा असावी, एक यंत्र बंद पडले तरी दुसऱ्याने उत्तर द्यावे, अशी अपेक्षा होती. १५ मार्च १९८५ रोजी 'सिम्बॉलिक्स' कंपनीचे नाव 'कॉम'मध्ये नोंदवले गेले, ते त्यातले पहिले.

फोनवर चालणाऱ्या यूयूसीपीवाल्यांचे काय? जानेवारी १९८६मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी 'एमएक्स' नोंदींचे नियम स्पष्ट केले. 'या नावाची पत्रे अमुक संगणकाकडे द्या' असे ही नोंद सांगते. त्यामुळे इंटरनेटवर नसलेल्या संस्थेलाही खरे डोमेन मिळू लागले. फक्त तिची पत्रे स्वीकारून पुढे पोहोचवायला कबूल असणारा एखादा इंटरनेटवरचा संगणक हवा. घरी फोन नसताना शेजाऱ्यांचा नंबर देण्यासारखेच हे, आणि त्यासाठी शेजाऱ्यांना आधी विचारावे लागते.

अनेकांनी विचारले नाही. कोणी पत्त्याला 'यूयूसीपी' हे कुठेही नोंद नसलेले शेपूट जोडले, तर कोणी मनानेच डोमेन ठरवले. ओळखीच्या संगणकांत ते चालून जाई, पण दूरच्या माणसाने उत्तर धाडले की ते परत येई. 'अ!ब@क' असे मिश्र पत्ते तर आणखी फसवे. पत्र आधी 'अ'कडे द्यायचे की 'क'कडे, यावर दोन संगणकांचे एकमत नसे. फेब्रुवारी १९८६मध्ये मार्क हॉर्टन यांनी यूयूसीपीसाठीही डोमेन पद्धतीचाच मार्ग मांडला.

ही पद्धत आपल्याकडे आली ती मुंबईतून. ८ मे १९८९ रोजी भारताचे 'इन' हे डोमेन जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे सोपवले गेले. अर्नेट या शैक्षणिक जाळ्यातली ही महत्त्वाची संस्था. तिथल्या एका संगणकाचा पत्ता होता 'शक्ती.एनसीएसटी.अर्नेट.इन'. आधी यंत्र, मग संस्था, मग जाळे, मग देश. मु. पो. लिहिणाऱ्या माणसाला तो वाचायला शिकवावे लागले नसते.

मार्च १९९४मध्ये पोस्टेल यांनी बजावले की डोमेनबाबत हक्काची आणि मालकीची भाषा गैरलागू आहे, विचार करायचा तो जबाबदारीचा आणि सेवेचा. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९९५पासून, 'कॉम'सारख्या नावांना वर्षाला ५० डॉलर शुल्क लागू झाले. नाव पैसे भरून घ्यायची वस्तू झाले आणि त्यामागचा उत्तरदायी माणूस अर्जातल्या एका रकान्यापुरता उरला. माझे परत आलेले पत्र त्या रकान्यावरच अडले होते. तिथे नाव होते, पण त्या नावाचे माणूस आता कामावर येत नव्हते.