ध्वनिवर्धकाचा झिजलेला कान

इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, तहनामे आणि बखरी उभ्या राहतात. परंतु माणसांनी काय ऐकले आणि किती मोठ्याने ऐकले, याचाही एक इतिहास असतो. तो कागदावर क्वचितच उतरतो. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या निमित्ताने त्या इतिहासाचा एक अगदी लहान पुरावा आज आम्ही आपल्यापुढे ठेवणार आहो. तो पुरावा म्हणजे जुन्या रेडिओच्या किंवा ध्वनिवर्धकाच्या आवाजाचे बटण. बोली भाषेत आपण रेडिओचा कान पिळतो. त्या कानाच्या आतला भाग, ज्याला कारागीर ‘व्हॉल्यूम कंट्रोल’ म्हणतात, तो हा.

या मुलखात वीज प्रथम आली ती पाहुणी म्हणून. १९३० च्या सुमारास कल्याण ते इगतपुरी लोहमार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या आणि आसनगाव, खर्डीच्या लोकांनी त्या रोज पाहिल्या. घरात मात्र रॉकेलचाच दिवा होता. मुंबईला वीज नेणाऱ्या तारा याच डोंगरपट्ट्यातून गेल्या होत्या. १९४२ साली भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने त्या तारांचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर भाई कोतवाल व हिराजी पाटील यांना वीरमरण आले. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले ते १९६० साली, आणि वाड्या-पाड्यांपर्यंत तारा पोहोचण्यास त्यानंतरही बराच काळ जावा लागला. तोपर्यंत खेड्यातला रेडिओ काय आणि जत्रेतला कर्णा काय, बॅटरीवर बोलत असे.

मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ च्या जुलैत सुरू झाले. १९३६ साली या सेवेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. १९५७ साली विविध भारती आली. मर्फीचे रेडिओ तर आपल्या ठाण्यातच तयार होत. ज्या गावात एकच संच, तेथे तो साऱ्या गावाने ऐकावयाचा, म्हणून आवाज मोठा. पुणे केंद्राने १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालविली, ती याच सामुदायिक ऐकण्याच्या पायावर. उलट, १९४२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत मुंबईतून उषा मेहतांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चालविलेली काँग्रेसची गुप्त नभोवाणी ज्यांनी ऐकली, त्यांना आवाज भिंतीपलीकडे जाऊ न देण्याची दक्षता घ्यावी लागली असेल, हे सांगावयास पुरावा नको. पौष पौर्णिमेला मुरबाडजवळ म्हशाची यात्रा भरते. तेथे खांबलिंगेश्वराचे दर्शन, बैलांचा बाजार आणि तमाशाचे फड हे सारे एका ठिकाणी असते. अशा गर्दीत ध्वनिवर्धकाचा कान शेवटपर्यंत पिळलेला असावयाचा.

आता या कानाची रचना पाहू. घोड्याच्या नालासारखी एक पट्टी असते; तिच्यावर कोळशाच्या पुडीचा पातळ थर दिलेला असतो. बटण फिरविले की धातूची एक जीभ त्या थरावरून सरकते आणि येणाऱ्या विद्युत्‌दाबाचा कमीअधिक हिस्सा पुढच्या व्हॉल्व्हला मिळतो. यात एक शहाणपण दडलेले आहे. आपला कान सरळ हिशेबाने ऐकत नाही. आवाज दुप्पट वाटावयाचा तर शक्ती दुपटीहून पुष्कळ वाढवावी लागते. म्हणून हा थर सर्वत्र सारखा देत नाहीत. बटण अर्धे फिरले तरी एकूण रोधाचा सुमारे दहा ते पंधरा टक्केच भाग ओलांडलेला असतो. कारागिराने याऐवजी सरळ हिशेबाचा कंट्रोल बसविला, तर पाव फेऱ्यातच सारा आवाज अंगावर येतो आणि पुढचे फिरविणे व्यर्थ होते.

सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस, उन्हाळ्याची धूळ आणि रोजचा हात यांनी तो थर झिजतो. मग खरखर सुरू होते, मध्येच आवाज नाहीसा होतो. नुसती धूळ असेल तर साफसफाईने भागते. थरच उडाला असेल तर भाग बदलण्यावाचून गत्यंतर नाही. तेव्हा मूळ रोध किती आहे ते पाहावे. व्हॉल्व्हच्या संचात तो बहुधा पाच लक्ष किंवा दहा लक्ष ओहम असतो. दांडीही मोजावी, जुनी पाव इंचाची, आजची सहा मिलिमीटरची, आणि एवढ्याशा फरकानेही जुने बटण सैल बसते. मागे चालू-बंद करण्याची कळ असल्यास ती नव्यातही हवी. आणि तारा काढून ठेवलेल्या संचातही कंडेन्सरमध्ये दोनअडीचशे व्होल्ट दडून राहू शकतात, हे विसरता कामा नये.

पुष्कळदा असेही होते की नवा कंट्रोल बसवूनही खरखर जात नाही. दोष कानाचा नसून त्याच्या आधीच्या कंडेन्सरचा असतो. त्याने अडवावयाचा एकदिश दाब तो झिरपू देतो आणि तोच जिभेखाली खरखरतो. जो आवाज करतो तोच अपराधी, असे समजणे येथेही चुकीचे ठरते. इतिहास लिहिणाराने हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आमचे मुख्य म्हणणे पुढेच आहे. पट्टीवर झीज कोठे पडली आहे, ते भिंगातून पाहावे. आरंभीच्या भागात झीज असेल तर तो संच कोणी घरात हलक्या आवाजात ऐकला. शेवटच्या टोकाशी असेल तर त्याने चावडी किंवा जत्रा सांभाळली. ही नोंद दुसरीकडे कोठे सापडावयाची नाही, आणि आपण दुरुस्तीच्या घाईत तीच केरात टाकतो. संच मुका ठेवणे हा काही इतिहासाचा सन्मान नव्हे; तो बोललाच पाहिजे. पण काढलेला भाग एका पुडीत घालून, वर गाव व साल लिहून, त्याच पेटीत ठेवण्यास खर्च काय येतो?

२००० सालच्या नियमांनी ध्वनिवर्धकाला रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत बंदी घातली, याचा अर्थ कान कोठवर पिळावा हे आपले आपल्याला कळेनासे झाले होते. ज्या पिढीला एका आवाजासाठी बॅटरी जपावी लागे, तिला ते कळत होते. माळ्यावर जुना संच असेल, तर विकण्यापूर्वी त्याच्या कानाशी एकदा हात नेऊन पाहावा, एवढीच श्रोत्यांना आमची विनंती आहे.